खिडकीतली स्टेला

१

माझा तान्हा मार्टिन अखेर झोपला होता. थोरली डेल्फी कुंपणाशी खेळत होती. शनिवारचं वाटाण्याचं सूप मंद आचेवर होतं आणि घर कधी नव्हे इतकं शांत झालं होतं. चहाचा पहिला घोट घ्यायला मी कप उचलला, तेवढ्यात मागच्या दाराची कडी खट् वाजली.

फिल मावशी आत आली. एप्रन तसाच, केसांची पिन लोंबकळत, आणि हातात एक बशी. बशीत चार बारीक खिळे.

"नोरीन," ती म्हणाली, "माझ्या स्टेलाला कुणीतरी नेलं."

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि माझा चहा तिच्यापुढे सरकवला.

स्टेला ही मावशीची मुलगी. टिल्डन बेटावर गोवराच्या साथीत गेली, चार वर्षांची असताना, माझ्या जन्माच्याही आधी. तिचा फोटो म्हणून एकही नाही. होतं ते एक चित्र. मावशीच्या भावानं, अँब्रोजनं, जलरंगात काढलेलं: बेटावरचं त्यांचं घर, लांब एका बाजूला चर्चचं देऊळ, मागे डोंगर आणि समुद्र, आणि घराच्या माडीच्या खिडकीत एक चेहरा, नखाएवढा. पुढे अँब्रोजलाही समुद्रानं नेलं. मग सरकारनं बेट रिकामं करायला लावलं आणि लोकांनी आपापली घरं पिंपांवर तरंगवत, होड्यांना बांधून, इकडे स्पार्क्स हार्बरला ओढून आणली. चित्रातलं ते घरही असंच आलं, आणि त्याच्याबरोबर हे चित्र, मावशीच्या मांडीवर बसून.

या उन्हाळ्यात आमच्या गावाचं 'गावी या' वर्ष होतं. न्यूफाउंडलंडमधलं प्रत्येक गाव कधी ना कधी हे करतं. टोरांटोला, अल्बर्टाला पांगलेली सगळी माणसं आठवडाभर घरी येतात, खातात, नाचतात, रडतात आणि परत जातात. त्यासाठी मी मावशीच्या मागे लागून तिची पेटी उघडायला लावली होती. जुने फोटो, पोस्टकार्डं, अँब्रोजची चित्रं, सगळं. "लोकांना बघू दे गं," मी म्हटलं होतं, "पेटीत कुणासाठी झाकून ठेवलंयस?" गेले दोन दिवस गावच्या हॉलच्या भिंती त्यानं भरून गेल्या होत्या. लोक एकमेकांना ढकलून स्वतःचे आजोबा शोधत होते. फक्त स्टेलाच्या चित्रासाठी मावशीची अट होती: दिवसा हॉलमध्ये, संध्याकाळी परत तिच्या भिंतीवर. आणि त्याची नक्कल कुणी काढायची नाही.

"सकाळी कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. तो जुनी कार्डं-चित्रं विकणारा हॅलिफॅक्सचा पोस्टकार्डवाला तेवढा. पुढच्या दाराशी उभा राहून ठोकत होता, परक्यासारखा. मी त्याच्याशी बोलून स्वयंपाकघरात आले तर..." तिनं बशी माझ्याकडे सरकवली. "उद्या सगळे बेटावर जातील. फादर कबरींवर पाणी शिंपडतील. मी दोनदा जाऊन आले, नोरीन. क्रूस कुजून गेले, सगळीकडे झाडी माजलीय. माझं पोर कुठे आहे ते मला सापडत नाही. म्हटलं होतं, उद्या घरी बसेन, चित्राशी बोलेन. आता कुणाशी बोलू?"

मार्टिन उठला होता. मी त्याला कडेवर घेतलं, सूप विस्तवावरून उतरवलं.

"चल, बघू या फ्रेम कशी फोडलीय."

"फोडली नाही," मावशी म्हणाली. "तेच तर मला कळत नाहीये."

२

मावशीच्या स्वयंपाकघरात फ्रेम भिंतीला टेकवून, नीट उभी करून ठेवली होती. काचेला ओरखडा नव्हता. मागची फळी बाजूला ठेवलेली, तीही सरळ. चार खिळे एकेक करून काढलेले होते, एकही वाकला नव्हता.

"आणि ही बशी?"

"टेबलाच्या मधोमध होती. माझीच बशी. कपाटातून काढून घेतली त्यानं."

मी काच उजेडात धरली. वरच्या कडेला निळा पुसट डाग होता. तो पाहून मला काल दुपार आठवली. हॉलमध्ये या काचेवर दोन उभ्या निळ्या रेघा होत्या आणि जवळच डेल्फी उभी होती. मी तिला सगळ्यांदेखत बोलले होते आणि थुंकी लावून रुमालानं पुसायला लावलं होतं. ती म्हणत होती, "मी नाही काढल्या." मी म्हटलं होतं, "मग कुणी, मार्टिननं?"

आता डेल्फी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी काच खाली ठेवली.

"मावशी, तुझं कुणाशी वाकडं आहे?"

"क्लोशी थोडं. ती समितीची अध्यक्ष झाल्यापासून हवेत आहे. तिला हे चित्र गावाच्या कॅलेंडरवर छापायचं होतं. मी नाही म्हटलं." मावशीनं पिन केसांत खोचली. "आणि लिओशी. पण लिओशी माझं भांडण ऑर्गनचं आहे, चित्राचं नाही."

ऑर्गनची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे. मावशीचं घर ओढून आणलं ते लिओ काकाच्या होडीनं. निघताना तो म्हणाला होता, "फिलोमेना, तुझा एक कप फुटला तर माझं नाव बदल." कप एकही फुटला नाही. पण खाडीच्या मधोमध घर एका बाजूला कललं, खालच्या खोलीत पाणी शिरलं आणि मावशीच्या आईचा पायपेटीचा ऑर्गन फुगून कायमचा मुका झाला. तेव्हापासून तीस वर्षं मावशी त्याच्याशी बोललेली नाही, त्याला चहा दिलेला नाही. तो मात्र रोज येतो, तिच्या स्वयंपाकघरातल्या बाकावर तासभर बसतो, चुलीला हवामान सांगतो आणि जातो.

"पोस्टकार्डवाला किती वेळ होता?"

"बराच. जिभेला हाड नाही मेल्याच्या. आणि तोवर त्याच्या साथीदारानं मागून हात मारला, दुसरं काय?"

तसं असेल तर साथीदार कोण ते तोच सांगणार होता. मी मार्टिनला शालीत बांधलं, डेल्फीचा हात धरला आणि हॉलकडे निघाले.

३

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर पताका, आत बटाटे सोलणाऱ्या बायका, आणि भिंतीभर मावशीचं आयुष्य. सेंट जॉन्सहून आलेली एक बाई एका फोटोपुढे ओक्साबोक्शी रडत होती आणि तिचा नवरा तिला सांगत होता, "अगं, हे तुझे आजोबा नाहीत. तुझे आजोबा त्या शेजारच्या फोटोत आहेत."

पोस्टकार्डवाला डेस्मंड थॉर्न आपल्या टेबलामागे बसला होता. पुढ्यात बुटांचे खोके, खोक्यांत उभी लावलेली पोस्टकार्डं.

"मी चोर?" तो म्हणाला. "बाई, मी त्या दाराखाली उभा होतो. त्या दाराला पायऱ्या का नाहीत ते मला कुणी सांगेल का? उंबरठा माझ्या छातीला लागत होता. तुमची मावशी वर उभी, मी खाली. अजून मान दुखतेय."

"पायऱ्या नसतातच. त्या दारानं कोण जातं?"

"मी गेलो असतो."

"तुम्ही चित्र मागायला गेला होता ना?"

"तिसऱ्यांदा. आणि तिसऱ्यांदा नाही ऐकलं." त्यानं चष्मा पुसला. "ऐका. मी चोर असतो तर फ्रेम सोडली असती का? होडीच्या फळीतून हातानं कोरलेली आहे ती. चित्राला गिऱ्हाईक एक मिळेल, त्या फ्रेमला दहा. ज्यानं चित्र नेलं आणि फ्रेम ठेवली, तो या धंद्यातला नाही."

हे मला पटलं, आणि पटलं म्हणून चीडही आली. चोर बाहेरचा निघाला असता तर बरं वाटलं असतं.

"तुम्हाला तिथे कुणी सोडलं?"

"क्लो बाईंनी. त्या मागच्या गल्लीत गाडीत बसून होत्या. मधूनमधून हॉर्न वाजवत होत्या, त्यामुळे तिथेच होत्या याची मी शपथ घेईन." मग तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, "तुमच्या गावाचे हात मात्र स्वच्छ नाहीत हं. हे बघा."

त्यानं एक पोस्टकार्ड पुढे केलं. टिल्डन बेट, खाडीतून दिसणारं. एका टोकाला देऊळ, दुसऱ्या टोकाला मावशीचं घर, मागे खाच असलेला डोंगर, पाण्यात उभा उंच खडक आणि या सगळ्याच्या अलीकडे कबरस्तानाची टेकडी. कार्डाच्या कडेवर निळा डाग होता. काचेवर होता तसाच.

"हे कुठे लावलं होतं?"

"काल दिवसभर त्या चित्राशेजारीच. मीच दिलं होतं, शोभा म्हणून."

मी वर पाहिलं. भिंतीवरच्या प्रत्येक फोटोखाली नावाची चिठ्ठी होती. सगळ्या चिठ्ठ्या निळ्या अक्षरांत. अक्षर क्लोचं.

४

क्लो ब्रिन्स्टन हॉलच्या स्वयंपाकघरात सलगमाशी झटापट करत होती. सलगम हरत होतं.

"माझ्यावर संशय?" तिनं सुरी खाली ठेवली. "माझ्यावर, नोरीन? मी तुझ्या बारशाला हजर होते."

"संशय नाही गं. विचारतेय फक्त. काचेवर निळ्या रेघा होत्या, तुझ्या चिठ्ठ्याही निळ्या."

तिनं एप्रनच्या खिशातून पेन काढलं आणि माझ्या मनगटावर सरळ रेघ ओढली. "पूस."

मी पुसलं. थुंकी लावून पुसलं. रेघ जागची हलली नाही.

"ही शाई तुझ्या लग्नाच्या वाढदिवसापर्यंत टिकेल. तुझ्या पोरीनं काल काय पुसलं ते मी पाहिलंय, रुमालाच्या एका फटक्यात गेलं. ते पेन नव्हतं." क्लोनं सुरी पुन्हा उचलली. "आणि कॅलेंडरचं म्हणशील तर फिलोमेनानं नाही म्हटलं, मी तिला आठवडाभर चहाला बोलावलं नाही, विषय संपला. मेलेल्या पोरीचं चित्र पळवणारी दिसते का मी?"

ती तशी दिसत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते सलगमावर ढकलत होती.

"बरं, मग हे सांग. तू मागच्या गल्लीत होतीस. मागच्या दारानं कुणाला आत जाताना पाहिलंस?"

"कोणालाही नाही."

"नक्की?"

"दार माझ्या नाकासमोर होतं. थॉर्न साहेबांचं भाषण संपेपर्यंत दुसरं काय बघणार मी? कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही."

मी मार्टिनला दुसऱ्या कडेवर घेतलं. पुढच्या दारात मावशी आणि थॉर्न, मागच्या दारावर क्लोची नजर. खिडक्या मावशी उन्हाळ्यातही उघडत नाही. म्हणजे त्या घरात कुणी शिरलंच नव्हतं, आणि तरीही कुणीतरी शांतपणे बसून चार खिळे काढले होते, ते बशीत ठेवले होते आणि स्टेलाला घेऊन निघून गेलं होतं.

५

परत आलो तेव्हा मावशी रिकाम्या भिंतीकडे पाठ करून बसली होती. तिनं डेल्फीला काकवी लावून पाव दिला. मी बाकावर बसून मार्टिनला पाजायला घेतलं. फोन वाजला.

"हो गं," मावशी फोनवर म्हणाली. बोस्टनची तिची बहीण होती. "नाही, नीट आहे मी. नाही, आता कोणी नाही इथे. एकटीच बसलेय."

डेल्फीनं पावाचा घास गिळला. "मावशी, मी आहे की."

मावशीनं तिला हातानं गप्प राहायची खूण केली आणि बोलत राहिली. मी मात्र मान वर केली.

मी तिथे होते. डेल्फी होती. मार्टिन तर चांगला मोठ्यानं दूध पीत होता. आणि मावशी खोटं बोलत नव्हती. आमच्या गावात जो दार ठोकतो तो 'येतो'. पोलीस येतो, फादर येतात, मुख्य भूमीवरचा पोस्टकार्डवाला येतो. जो कडी उघडून आत शिरतो आणि चुलीशी बसतो तो येत नाही. तो असतोच.

मी दिवसभर सगळ्यांना चुकीचा प्रश्न विचारत होते.

मावशीनं फोन ठेवला तसा मी उचलला आणि हॉलचा नंबर फिरवला. कुणीतरी क्लोला हाक मारली.

"क्लो, सकाळी लिओ काका मावशीकडे गेला का?"

"गेला की. रोज जातो."

"मग मघाशी सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस, कोणी गेलं का." क्लोला खरंच कळत नव्हतं. "लिओ काय कोणी आहे?"

"निघताना हातात काही होतं?"

"बिस्किटांचा डबा होता काखेत. मला वाटलं, फिलोमेनाला पाझर फुटला एकदाचा."

मी वळले. मावशीनं ऐकलं होतं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"लिओ," ती म्हणाली. "तीस वर्षं त्या बाकावर बसून माझ्या भिंतीकडे बघत होता. आधी माझा ऑर्गन बुडवला, आता..." ती खुंटीवरचा कोट काढायला लागली. "त्याचं घर पेटवते मी."

६

"थांब मावशी. त्याला वाईट करायचं असतं तर त्यानं खिळे जमिनीवर टाकले असते. बशी काढून, मोजूनमापून मधोमध ठेवतो कोण? ज्याला ते परत ठोकायचे आहेत तो."

मावशीचा एक हात बाहीत, एक बाहेर. "परत आणायचं होतं तर नेलं कशाला?"

तो निळा रंग कुठे पाहिला होता ते आता आठवलं. लिओ काकाच्या कानामागे, होडीच्या फळ्यांवर खुणा करायची जाड मेणाची पेन्सिल. फडक्याच्या एका फटक्यात पुसली जाते ती.

मी डेल्फीपुढे गुडघ्यांवर बसले.

"राणी, काल तू रेघा काढल्या नव्हत्यास."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. चूक माझी." तिनं थोडा वेळ घेऊन मान डोलावली, माफ केल्यासारखी. "आता मला मदत कर. तू त्या पुसल्यास. कुठून कुठे होत्या?"

तिनं रिकाम्या काचेवर काकवीचं बोट ठेवलं. "एक इथे. घराच्या धुराड्यातून वर, डोंगराला खाच आहे ना, तिच्यात. आणि एक इथे. देवळाच्या टोकातून त्या पाण्यातल्या मोठ्या दगडात."

काकवीच्या दोन रेघा काचेवर चमकत राहिल्या आणि मी बघतच राहिले. माझे वडील जन्मभर कॉड मासे धरत होते. पाण्यावर पाटी लावता येत नाही, म्हणून माशांची जागा ते किनाऱ्यावरच्या खुणांवरून धरत. धुराडं खाचेच्या बरोबर खाली आलं की एक खूण. देवळाचं टोक खडकावर आलं की दुसरी. एकच खूण जुळली तर तुम्ही कुठेही असाल. दोन्ही एकदम जुळल्या की जगात तुम्ही एकाच जागी असता, हातभर इकडे नाही, हातभर तिकडे नाही. अँब्रोजही कोळीच होता. त्यानं धुराडं खाचेखाली काढलं असेल तर ते खाचेखालीच दिसत होतं.

"मावशी, लिओ काकाला चित्रातलं घर नको होतं," मी म्हटलं. "त्याला हे चित्र जिथून काढलं ती जागा हवी होती. हॉलमध्ये शेजारी पोस्टकार्ड आलं, तेव्हा त्याला कळलं की घर आणि देऊळ एकमेकांपासून किती लांब आहेत, आणि दोन्ही रेघा फक्त त्या टेकडीवरच एकत्र येतात. अँब्रोज कुठे उभा होता गं?"

मावशीनं कोट हळूहळू पुन्हा उतरवला. माझ्या खांद्यावरचा मार्टिनही तिच्याकडे बघायला लागला.

"त्या खिडकीत," ती म्हणाली, "स्टेला नाहीये."

७

"मी आहे. ती गेल्यावर मी त्या खिडकीतून हलत नव्हते. टेकडी दिसायची तिथून. जेवत नव्हते, न्हात नव्हते. एक दिवस अँब्रोज रंग घेऊन वर गेला, तिच्याजवळ बसला आणि हे काढून आणलं. म्हणाला, 'फिल, तू तिला बघतेस तशी ती तुला बघते. तिला तिथून हे दिसतं.' मग मी खाली उतरले, चूल पेटवली." मावशीनं एप्रननं नाक पुसलं. "पुढे लोक म्हणायला लागले, किती गोड पोर आहे खिडकीत. मी म्हटलं, म्हणू दे. तिला बघितलेलं फारसं कुणी उरलं नव्हतं, निदान अशी तरी बघतील."

"आणि कबर शोधताना तुला हे आठवलं नाही?"

"मी क्रूस शोधत होते. घर कशाला शोधू? घर तर इथे आहे, मी त्यात भांडी घासते."

म्हणजे लिओ काका बेटावर गेला होता. मी धक्क्याकडे धावले, मार्टिन शालीत, डेल्फी मागे. एरवी कॉड धरायला बंदी, पण घरापुरती धरायला सरकारनं दोन दिवसांची मोकळीक दिली होती, त्यामुळे सकाळपासून गावातली प्रत्येक होडी बाहेर होती आणि लिओ काकाची नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मी येणारी प्रत्येक होडी बघत होते. लोक मासे उचलून दाखवत होते, मी मान हलवत होते. शेवटी त्याची हिरवी होडी वळणावर दिसली. मी हात केला. त्यानं हात केला नाही, नुसतं टोपी काढून पुन्हा घातली, आणि तो काय घेऊन आलाय ते मला कळेना.

आम्ही मागच्या दारानं आत गेलो. त्यानं कडी उघडली, बाकावर बसला. पँट गुडघ्यांपर्यंत ओली, दाढीत पाईनची पानं. मावशी टेबलाशी उभी होती.

"हं," लिओ काका चुलीला म्हणाला. "वारा नैऋत्येचा. उद्याही राहील."

चूल काही बोलली नाही.

"तुझ्या मालकिणीला सांग, चित्र कोरडं आहे. डब्यात होतं, डबा मेणकापडात." त्यानं डबा टेबलावर ठेवला. "आणि सांग की घराचा पाया अजून आहे. धुराड्याचे दगड आहेत. देवळाचं जोतंपण आहे. मी झाडीत हे चित्र समोर धरून मागे सरत गेलो, डावीकडे, उजवीकडे. दोन्ही खुणा जुळल्या तिथे गुडघे टेकले आणि माती उकरली."

त्यानं खिशातून एक गोटा काढला. पांढरा, गुळगुळीत, अंड्याएवढा. मावशीनं तो हातात घेतला आणि ती तशीच खाली बसायला लागली. मी खुर्ची पुढे ढकलली.

"टिल्डनवर पांढरे दगड नाहीत," ती म्हणाली. "मी आणलेत हे. पलीकडच्या किनाऱ्यावरून, अँब्रोजच्या होडीतून. तिच्याभोवती लावायला."

"सगळे जागेवर आहेत," लिओ काका चुलीला म्हणाला. "गवताखाली. एवढा एकच उचलला, दाखवायला. उद्या परत ठेवायचाय."

"काका, विचारून नेलं असतंस तर?" मी म्हटलं. "सकाळपासून जीव टांगणीला लागलाय तिचा."

"विचारलं असतं आणि सापडली नसती तर?" पहिल्यांदाच त्यानं चुलीवरून नजर काढली. "या बाईचं मी एकदा एक बुडवलंय, नोरीन. दुसऱ्यांदा बुडवायचं नव्हतं."

मावशी उठली. किटली उचलली, कपाटातून कप काढला, चहा ओतला. मग दुधाचा डबा हातात धरून ती त्या बाकापुढे उभी राहिली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा लिओ पोमरॉयशी बोलली.

"दूध किती?"

त्यानं बोटांनी दाखवलं.

८

रविवारी खाडीत इतक्या होड्या एकदम मी कधी पाहिल्या नव्हत्या. पताका, फुलं, थर्मास, म्हाताऱ्या बायका खुर्च्यांसकट. क्लोनं सलगमाच्या दोन पिशव्या घेतल्या होत्या, का ते देवाला ठाऊक. थॉर्न साहेब लाइफ जॅकेट घालून होडीच्या मधोमध ताठ बसले होते. त्यांनी ते पोस्टकार्ड मावशीला देऊन टाकलं होतं आणि आता कुणी आभार मानले की ओशाळत होते. मावशी लिओ काकाच्या होडीत पुढे बसली होती आणि घर कललं होतं ती जागा आली तेव्हा तिनं नुसतं बोट दाखवलं. तो म्हणाला, "माहितीय गं बाई." ती हसली.

टेकडीवर पुरुषांनी वाट तोडली. झाडीतल्या त्या मोकळ्या तुकड्यावर मावशी बसली, गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं, आणि पांढरे गोटे एकेक करून उजेडात आले. मधली एक जागा रिकामी होती. तिथे तिनं आपल्या हातानं गोटा ठेवला. फादरांनी पाणी शिंपडलं. मावशी काय बोलत होती ते आम्ही कुणी ऐकलं नाही, सगळे जरा मागे सरलो. ती बराच वेळ बोलत होती. सांगायला बरंच होतं.

मग तिनं डेल्फीला जवळ बोलावलं आणि लिओ काकाला म्हणाली, "दाखव तिला."

त्यानं चित्र समोर धरलं. डेल्फीनं एक डोळा मिटला. चित्रात धुराडं आणि खाच, चित्राबाहेर दगड आणि तीच खाच. देवळाचं जोतं, तोच खडक. मीही वाकून पाहिलं. सगळं रेघेत होतं. फक्त चित्रात घर होतं, आणि चित्राबाहेर जिथे घर होतं तिथे गवत हलत होतं आणि मागे पाणी. आमचं गाव तिथून दिसत नाही, मध्ये कडा येतो.

डेल्फीनं चित्राकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. मग माझा स्कर्ट ओढून, मावशीला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू, तिनं विचारलं,

"आई, घर तर आपल्याकडे आलं. मग स्टेलाला आता इथून काय दिसतं?"